एकोणसाठ हजारांची रेघ: ठाणे जिल्ह्यातील अठरा आमदारांना खुले पत्र

प्रति,
ठाणे जिल्ह्यातील सर्व अठरा विधानसभा सदस्य

महोदय, महोदया,

शहरात राहणाऱ्या कुटुंबाला अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य हवं असेल, तर आपल्या राज्यात त्याचं वार्षिक उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत असावं लागतं. बाराने भागलं तर महिन्याला ४,९१६ रुपये. एका माणसाचे नव्हेत, घरातल्या सगळ्यांचे मिळून. कळव्यात, दिव्यात किंवा दिघ्याला डोंगराच्या कडेने दहा बाय बाराची खोली घ्यायची म्हटली तरी एवढ्यात भागत नाही. आमच्याकडे अर्ज भरायला येणाऱ्या एका बाईंचं भाडं महिना सहा हजार आहे, म्हणजे वर्षाला ७२,०००. सरकारदरबारी गरीब ठरायचं तर त्यांना आधी खोली सोडावी लागेल.

मी बँकेतून निवृत्त झाले. नोकरीची सुरुवात मुरबाड-शहापूरकडे झाली, शेवटची वर्षं नवी मुंबईत गेली. आता आम्ही काही निवृत्त मंडळी कळव्यात रविवारी बसून लोकांना फुकट अर्ज भरून देतो. रेशन, निराधार, उत्पन्नाचा दाखला, जे लागेल ते. गरिबी हटवण्याच्या योजना मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या आहेत. त्यामुळे थोडं मागचं सांगते, तेवढं वाचा.

मी नोकरीला लागले तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. १९७८-७९ ला सुरू झालेला हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशभर लागू झाला. गरीब कुटुंबाला कर्ज आणि अनुदान द्यायचं, त्यातून म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन असं काहीतरी घेऊन द्यायचं आणि त्याने स्वतःच्या पायावर उभं राहायचं, अशी कल्पना. अनुदान लहान शेतकऱ्याला पाव, अल्पभूधारकाला आणि शेतमजुराला एक तृतीयांश, आदिवासीला निम्मं. गरीब कोण, याचं उत्तर तेव्हाही रुपयांतच होतं. सहाव्या पंचवार्षिक योजनेत वार्षिक ३,५०० च्या आतलं कुटुंब गरीब, सातव्या योजनेत ६,४००, आठव्यात ११,०००. निदान पाच वर्षांनी का होईना, आकडा हलत होता, हे लक्षात ठेवा.

म्हशीच्या कानात विम्याचा पितळी बिल्ला ठोकलेला असायचा. म्हैस मेली तर बिल्ला दाखवल्याशिवाय विमा मिळत नसे, म्हणून लोक तो कानाच्या तुकड्यासकट घेऊन यायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला असा कान माझ्या टेबलावर, पासबुकांच्या शेजारी ठेवून एक कातकरी बाप्या उभा राहिला होता. त्याला जमीन नव्हती, चारा नव्हता, दूध घालायला जवळ डेअरी नव्हती. म्हैस मात्र होती, कारण तालुक्याचा इष्टांक, म्हणजे वरून ठरवून दिलेली संख्या, म्हशींचा आला होता. त्याला विचारलं असतं तर त्याने म्हैस मागितली नसती. पावसाचे चार महिने गावात काम मिळालं असतं, तर वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घ्यावी लागली नसती, आणि ती फेडायला दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जावं लागलं नसतं. वेठबिगारी कायद्याने १९७६ सालीच बंद झाली होती. उचल चालू होती. कर्ज अर्थातच थकलं, आणि ‘आदिवासी कर्ज बुडवतात’ असा शेरा आमच्या खात्यातल्या चार शहाण्यांनी मारला.

त्याच मुरबाडच्या रस्त्यावर दुसरं एक काम चाललेलं दिसायचं. खडी फोडणाऱ्या बायका, मुकादम आणि त्याच्या काखेत हजेरीपट. ही रोजगार हमी. तिथे उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नव्हतं.

ही योजना आपल्या विधिमंडळाची देणगी आहे, हे तुमच्यापैकी कितीजणांना रोज आठवतं ठाऊक नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग केला. मग १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या पिढीला त्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी आठवते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवरची मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्या अनुभवातून १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. कामाचा हक्क कायद्यात लिहिणारं हे देशातलं पहिलं राज्य. देशाला तो शहाणपणा सुचायला २००५ साल उजाडलं.

त्यातलं मला पटलेलं तत्त्व अगदी साधं होतं. मे महिन्याच्या उन्हात एवढ्याशा मजुरीसाठी जो खडी फोडायला येतो तो गरीब, त्याला आणखी काय विचारायचं? तलाठ्याचा शेरा नको, पिवळं कार्ड नको. सरकारने गरीब शोधायचा नाही, काम उघडं ठेवायचं आणि येईल त्याला द्यायचं. ही योजना धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणत नाही. हजेरीपटावर मेलेल्यांची नावं असायची, पहिल्या पावसात रस्ता वाहून जायचा, मजुरी महिना महिना अडकायची. याच ठाणे जिल्ह्यात (जव्हार-मोखाडा तेव्हा आपल्यातच होते) १९९२ साली वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली, तेव्हा हमीही होती आणि कार्यक्रमही होते. पण चोरी झाली ती हजेरीपटात. मजुराला स्वतःच्या गरिबीबद्दल खोटं बोलावं लागलं नाही.

पैसा कुठून आला, हे ठाणेकरांना माहीत असायला हवं. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला तो या हमीसाठी. वागळे इस्टेटमधल्या, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या पगारातून तो कापला गेला. माझ्याही कापला गेला. पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५००. शहराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असा तो करार होता, आणि तो योग्यच होता. मला त्यातल्या एका रुपयाचंही वाईट वाटलेलं नाही. (राज्यघटनेतली ही २,५०० ची कमाल मर्यादाही १९८८ पासून तशीच आहे. आपल्याकडे आकडे गोठवून ठेवायची हौस फार.)

पण खेड्यातला तो मजूर पुढे कुठे गेला? अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्यात शहरातली गरिबी ही खेड्यातल्या गरिबीचाच सांडवा आहे, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनीही सार्वजनिक कामांवरच्या रोजगाराची हमीच सुचवली होती. १९६०-६१ च्या भावांनी त्यांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा धरली होती. तो सांडवा आज तुर्भे स्टोअर्सला, इलठणपाड्याला, मुंब्र्याला, लोकमान्य नगरला राहतो. कायद्याची हमी मात्र गावात आणि फार तर ‘क’ वर्ग नगरपालिकांपर्यंत होती. महापालिकेची हद्द लागली की संपली. सकाळी आठला कामगार नाक्यावर थापी, घमेलं घेऊन उभा राहिलेला माणूस दहा वाजता काम न मिळता परत जातो, त्याचं नाव कोणत्याच हजेरीपटावर नसतं.

शहरासाठी काही झालंच नाही, असं नाही. १९८९ ची नेहरू रोजगार योजना, १९९७ ची स्वर्णजयंती, २०१३ चं नागरी उपजीविका अभियान, २०२० ची फेरीवाल्यांसाठी स्वनिधी. स्वनिधीचं पहिलं दहा हजारांचं कर्ज भाजीवाल्यांना खरोखर उपयोगी पडलं, हे मी स्वतः पाहिलं. बाकीच्यांत बहुतेक वेळ बचत गटांच्या फाइली आणि प्रशिक्षणाचे फोटो. पुढे जाऊ.

खरा घोळ झाला तो रेषांची संख्या वाढली तेव्हा. १९९७ मध्ये रेशन ‘लक्ष्यनिर्धारित’, म्हणजे मुख्यतः गरीब ठरलेल्यांसाठी झालं, १९९९ पासून आपल्याकडे तीन रंगांची कार्डं आली. १५,००० पर्यंत पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. ही वार्षिक उत्पन्नं आहेत, आणि हे रंग आजही तेच आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर ‘प्राधान्य कुटुंबा’साठी, म्हणजे या कायद्याखालचं धान्य मिळणाऱ्या कुटुंबासाठी, शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० ठरले. बॅरिस्टर अंतुले यांच्या काळात, १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेला विधवेचं कौटुंबिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, तिची मर्यादा अडीच लाख. म्हाडाच्या सोडतीत आपल्या महानगर प्रदेशात आर्थिक दुर्बल म्हणजे सहा लाखांपर्यंत. आरक्षणातला आर्थिक दुर्बल आठ लाखांपर्यंत.

आता त्या सहा हजार भाडं भरणाऱ्या बाईंना या खिडक्यांवरून फिरवून आणू. नवरा गेलेला, दोन मुलं शाळेत. चार घरची धुणीभांडी आणि एका घरी पोळ्या. सगळे मिळून महिना नऊ हजार, खाडे धरून थोडे कमीच. वर्षाला १,०८,०००. निराधार योजनेत त्या बसत नाहीत, कारण त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या पाचपट. धान्याला बसत नाहीत. नियमाने पाहिलं तर केशरी कार्डालाही बसत नाहीत, त्यांचं कार्ड पांढरं असायला हवं, म्हणजे घोडबंदरच्या टॉवरमध्ये ज्यांच्या घरी त्या पोळ्या लाटतात त्यांच्याच रंगाचं. लाडक्या बहिणीत मात्र त्या गरीब आहेत, आणि म्हाडाच्या सोडतीत तर अगदीच गरीब. घराचा हप्ता कुठून भरणार हे सोडतवाले विचारत नाहीत. एकाच राज्याचं एकच सरकार एकाच बाईला सकाळी श्रीमंत म्हणतं आणि दुपारी गरीब.

म्हणून अर्ज भरताना बायका आम्हाला पहिला प्रश्न विचारतात, “ताई, उत्पन्न किती लिहू?” आम्ही म्हणतो, खरं असेल ते लिहा. मग त्या हो म्हणतात, कागद परत घडी घालून पिशवीत ठेवतात आणि पुढच्या आठवड्यात कचेरीबाहेरच्या एजंटाकडून भरून घेतात. तिथे आकडा विचारत नाहीत, योजना विचारतात. धान्याला ४८,०००, निराधारला २०,०००. स्वयंघोषणापत्राखाली, ‘वरील माहिती खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन’ या ओळीखाली अंगठा उठतो. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, शिक्का मारणाऱ्यालाही ठाऊक. आणि मग वर्ष-दोन वर्षांनी अपात्र कार्डांची शोधमोहीम निघते, तेव्हा पोटात गोळा येतो तो याच बायकांच्या. दरम्यान जी बाई खरं लिहून मोकळी झाली, ती पहिल्याच दिवशी बाहेर.

५९,००० चा आकडा कुठे बसतो, ते जरा मांडून पाहू. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरी दारिद्र्यरेषा माणशी महिना १,००० रुपये निघाली. दिवसाला ३३. आधी २०११ मध्ये योजना आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी ३२ रुपये सांगितले होते, त्यावर देशभर किती गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. पाच माणसांच्या कुटुंबाला हा हिशेब वर्षाला ६०,००० येतो. आपली रेघ त्याच्याही हजार रुपये खाली. गदारोळानंतर नेमलेल्या रंगराजन समितीने २०१४ मध्ये त्याच २०११-१२ या वर्षासाठी शहरात माणशी १,४०७ रुपये सांगितले. म्हणजे पाच जणांना वर्षाला ८४,४२०. ज्या रेषेची देशाने थट्टा केली, तिच्यावर ठाण्यातल्या माणसाचं धान्य आजही अडलेलं आहे, आणि तेही तेव्हाच्या भावांनी.

तुम्ही म्हणाल, मर्यादा वाढवली तर तिजोरीवर भार येईल. धान्याच्या बाबतीत हे खरं नाही. राज्याचा इष्टांक केंद्राने ठरवून दिलेला आहे, ७ कोटी १६ हजार माणसं, त्यात शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के. मर्यादा ५९,००० ठेवा नाहीतर दीड लाख करा, धान्य तेवढ्याच माणसांना मिळणार. फरक एवढाच पडेल की आत येण्यासाठी खोटं लिहावं लागणार नाही आणि त्यातल्या जास्त नडलेल्यांना आधी घेता येईल. इष्टांकाचं दुखणं वेगळं आहे. तो २०११ च्या जनगणनेवर बसवलेला आहे. तेव्हा नवी मुंबई ११ लाख २० हजारांची होती, ठाणे शहर साडेअठरा लाखांच्या आतलं आणि पालघर जिल्हा जन्मलाही नव्हता. त्यानंतर दिव्यात, घणसोलीत किती चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या ते मतदार याद्यांवरून तुम्हीच आम्हाला सांगू शकाल. शिधावाटप कार्यालयात ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर इतकं पाठ झालंय की लोक ते स्वतःच सांगून मोकळे होतात.

रेघ पुसता येत नाही असंही नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत २०२३ साली तुमच्याच मंत्रिमंडळाने कार्डाच्या रंगाची अट काढून सगळ्यांना आत घेण्याचा निर्णय केला. आभाळ कोसळलं नाही. केरळने २०२१ पासून दाखले मागण्याऐवजी घरोघर जाऊन ६४,००६ अतिगरीब कुटुंबं शोधली, प्रत्येकाला काय हवं ते लिहून घेतलं आणि १ नोव्हेंबर २०२५ ला राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्या दाव्यावर अर्थतज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत, घ्यायलाच हव्यात. पण एकाला औषधं, दुसऱ्याला घर, तिसऱ्याला नुसतं आधार कार्ड असं विचारून देणं, हे म्हशींच्या इष्टांकाच्या बरोबर उलटं आहे.

सरकारी नोकरांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. माझंही निवृत्तिवेतन त्याच तत्त्वावर वाढतं. आमदारांचं वेतन २०१६ मध्ये वाढलं तेव्हा दोन्ही बाजूंचे बाक एकदिलाने बसले होते. भाव वाढतात हे ज्याला-त्याला स्वतःपुरतं मान्य आहे. मग गरिबाच्या उत्पन्नाच्या मर्यादेलाच ते का मान्य नसावं? माझी मागणी मोठी नाही. धान्य, निराधार आणि कार्डांचे रंग, या सगळ्यांच्या मर्यादा महागाई निर्देशांकाला बांधा आणि दर एप्रिलला आपोआप बदलू द्या. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. अन्नसुरक्षा कायद्याने लाभार्थी ठरवायचे निकष राज्यावरच सोपवलेले आहेत. शासन निर्णयाचं काम आहे.

दुसरी मागणी जरा जास्त कष्टाची. बाराव्या अनुसूचीत महापालिकेच्या कामांत ‘नागरी दारिद्र्य निर्मूलन’ लिहून ठेवलेलं आहे, ७४ व्या घटनादुरुस्तीपासून. विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहे, तुमच्यापैकी काहीजण कधी ना कधी तिच्यावर बसले असतील. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये ठाण्यात आणि नवी मुंबईत नालेसफाईची कंत्राटं निघतात, जूनमध्ये गाळ काठावरून परत नाल्यात जातो, आणि पाऊस सुरू झाला की नाक्यावरचं बांधकामाचं काम आटतं. ठाण्याचे तलाव, महापालिका शाळांची आवारं, खाडीकाठचा प्लास्टिकचा कचरा, कामाला तोटा नाही. एखाद्या प्रभाग समितीत एक वर्ष करून पाहा. येईल त्याला काम, किमान वेतन, पंधरवड्याला थेट खात्यात, दाखला नको. केरळने २०१० पासून समाजसुधारक अय्यंकालींच्या नावाने आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरी हमी आणली, त्यांच्या चुका पाहून सुरुवात करता येईल. एक धोका आताच सांगते. हे काम कंत्राटदारामार्फत केलंत तर ते कंत्राटी सफाई कामगारांना कमी पैशांत हटवायचं साधन होईल, आणि मग पहिला मोर्चा आम्हीच काढू.

पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी एक तारांकित प्रश्न टाकावा. मसुदा आम्ही करून ठेवला आहे: ५९,००० ही मर्यादा कोणत्या वर्षीच्या किमतींवर ठरवली, त्यानंतर ती किती वेळा तपासली, आणि मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात या मर्यादेत खऱ्या अर्थाने बसणारी कुटुंबं किती असतील असा सरकारचा अंदाज आहे? मसुद्याची प्रत या पत्रासोबत अठराही जणांच्या संपर्क कार्यालयात देत आहोत. पक्ष कोणताही असो, सही ज्याची आधी येईल त्याचा प्रश्न.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
कळवा, जि. ठाणे